अंदमानची वंशकथा आणि ‘आदिम’ हा शब्द

चेन्नई शहराच्या दक्षिण भागातील वेलचेरीपासून पश्चिमेस दोन-तीन कोसांवर पल्लावरम हे ठिकाण आहे. तेथे १८६३ साली रॉबर्ट ब्रूस फूट ह्या भूगर्भशास्त्रज्ञास मानवाने घडविलेले एक दगडी हत्यार सापडले आणि भारतातील अश्मयुगाच्या संशोधनाचा पाया घातला गेला. परंतु दगडाची साक्ष मर्यादित असते. येथे कोणी तरी वावरत होते एवढेच ती सांगते. तो मनुष्य कोणाचा पूर्वज आणि त्याचे वंशज कोठे गेले, ह्याविषयी ती मूक राहते. ह्याच किनाऱ्यावरून पूर्वेस सुमारे १,३०० किलोमीटर समुद्र ओलांडला म्हणजे अंदमान बेटे लागतात. तेथे स्थिती नेमकी उलट आहे. तेथील शिंपल्यांचे जुने ढिगारे आपणांस दोन सहस्र वर्षांच्या थोडेसे पलीकडे नेतात आणि थांबतात. त्यापूर्वीची हकीकत सांगते ती माणसाच्या देहातील पेशी. ती हकीकत कशी वाचावयाची आणि मराठीत कोणत्या शब्दांत मांडावयाची, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम वाचनाची रीत पाहू. आपल्या पेशींत तंतुकणिका नावाचे सूक्ष्म घटक असतात. त्यांचा स्वतःचा असा डी. एन. ए. असून तो आईकडून अपत्यांस मिळतो. मुलगा तो धारण करतो, पण पुढे देत नाही. मुलगी पुढे देते. सुमारे १६,५०० अक्षरांचा हा मजकूर पिढ्यान् पिढ्या उतरून घेतला जात असता क्वचित एखादे अक्षर बदलते आणि तो बदल पुढील सर्व प्रतींत कायम राहतो. जुन्या पोथ्यांच्या अभ्यासकांना ही रीत परिचयाची आहे. दोन हस्तलिखितांत लेखनिकाचा तोच प्रमाद आढळला, तर ती एकाच पूर्वप्रतीवरून उतरली असावीत असे ते ठरवितात. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती अशाच पाठभेदांनी त्रस्त होऊन. संशोधक प्रमाद दूर करीत नाही. त्यांची मोजदाद करून शाखा केव्हा फुटली असावी ह्याचा अदमास बांधतो.

हैदराबाद येथील ‘सी. सी. एम. बी.’ ह्या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या संस्थेतील के. थंगराज, लालजी सिंग व त्यांचे सहकारी ह्यांनी २००५ साली ‘सायन्स’ नियतकालिकात पाच ओंगे, पाच ग्रेट अंदमानी व पाच निकोबारी व्यक्तींच्या तंतुकणिकांचा संपूर्ण मजकूर वाचून काढल्याचे प्रसिद्ध केले. निकोबारी लोकांचे नाते आग्नेय आशियाशी जवळचे निघाले. अंदमानी लोकांत मात्र दोन अतिशय जुन्या शाखा आढळल्या. आफ्रिकेबाहेर पडलेल्या मानवाच्या आरंभीच्या प्रवासातच ह्या लोकांचे पूर्वज बेटांवर पोहोचले असावेत, असा निष्कर्ष तेव्हा काढण्यात आला. पुढच्याच वर्षी त्यावर आक्षेप आला. ह्यांपैकी एका शाखेचे सगोत्र पूर्व भारताच्या मुख्य भूमीवरही आढळले, आणि बेटांवरील आगमन त्याहून पुष्कळ अलीकडचे असावे असे काही अभ्यासकांनी मांडले. शाखा जुनी असणे आणि ती बेटावर जुन्या काळी पोहोचणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा धडा ह्या वादातून घ्यावा. मनुष्य बेटावर येण्यापूर्वीच त्याची शाखा अन्यत्र फुटलेली असू शकते.

आता शब्दाकडे वळू. असे संशोधन मराठीत येताना ‘अंदमानचे आदिम लोक’, ‘अश्मयुगातील मानव’, ‘जिवंत जीवाश्म’ अशी विशेषणे सहज लेखणीखाली येतात. माझ्या मते ती भाषेच्या दृष्टीने सैल आणि शास्त्राच्या दृष्टीने चूक आहेत. एखादी पोथी आडगावच्या मठात चारशे वर्षे बंद राहिली, म्हणून ती मूळ पोथी ठरत नाही. तीही प्रतीची प्रतच असते आणि तिलाही स्वतःचे पाठभेद असतात. मूळ मातेपासून ओंगे स्त्रीपर्यंत जेवढा काळ लोटला, तेवढाच पुण्याच्या वा चेन्नईच्या स्त्रीपर्यंत लोटला आहे. कोणाचीही परंपरा दुसऱ्याहून जुनी नाही. फरक एवढाच, की एक शाखा दीर्घकाळ इतरांपासून विलग राहिली.

विलग राहिली, पण परकी नव्हे. २००९ साली ‘नेचर’मध्ये ह्याच संस्थेने अमेरिकेतील संशोधकांसह भारतातील २५ समाजांच्या १३२ व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुख्य भूमीवरील बहुतेक भारतीय निदान दोन प्राचीन समूहांच्या मिश्रणातून आले असून त्यांपैकी एका समूहाचे दूरचे नाते ओंगे लोकांशी जुळते, असे त्यात दिसून आले. म्हणजे हा लेख वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या देहात त्या नात्याचा अंश आहे. ज्यांस आपण भूतकाळातील मानव म्हणतो, ते आपले समकालीन आप्त आहेत.

शब्दाची चिकित्सा इतकी कशासाठी, असे कोणी विचारील. ‘आदि’ म्हणजे पहिला; त्यात कमीपणा तो कसला? व्युत्पत्तीने हे खरे, पण व्यवहाराने नव्हे. शाळेतील मुलास ‘आदिम’ म्हटले की गुहेतील केसाळ मनुष्य डोळ्यांपुढे येतो. भारत सरकारने २००६ साली अशा जमातींच्या वर्गाच्या इंग्रजी नावातून ह्याच अर्थाचा शब्द काढून ‘विशेष असुरक्षित’ ह्या अर्थाचा घातला. महाराष्ट्रातील कातकरी, कोलाम व माडिया गोंड त्या वर्गात येतात; मराठीत मात्र ‘आदिम जमाती’ हाच शब्दप्रयोग रूढ राहिला. ज्याला आपण मागल्या युगाचा मानतो, त्याचे नष्ट होणे आपणांस स्वाभाविक वाटू लागते. १८५८ साली पोर्ट ब्लेअर येथे, म्हणजे २०२४ पासून ज्यास श्री विजयपुरम म्हणतात तेथे, बंदिवानांची वसाहत स्थापन झाली. मराठी मनुष्य तीस काळे पाणी म्हणून ओळखतो. त्या वेळी काही सहस्रांच्या घरात असलेले ग्रेट अंदमानी लोक १९०१ च्या जनगणनेत ६२५ उरले आणि १९६१ मध्ये १९. त्यांस काळाने गिळले नाही. १८७७ च्या गोवरासारख्या साथींनी आणि तुटलेल्या रानांनी त्यांचा घास घेतला.

म्हणून शाळांनी व ग्रंथालयांनी हा विषय अवश्य शिकवावा, पण ‘दीर्घकाळ विलग राहिलेला समाज’, ‘प्राचीन वंशशाखा’ असे नेमके शब्द वापरून. आणि ज्ञानाची हावही आवरावी. उत्तर सेंटिनेल बेटावरील लोकांनी बाहेरच्या मनुष्याची संगत वारंवार नाकारली आहे; १९५६ च्या संरक्षण-विनियमाच्या आधारे शासनही तेथे जाण्यास मनाई करते. त्यांच्या रक्ताचा नमुना नसल्यामुळे वंशवृक्षावर एक जागा रिकामी राहते. ती राहू द्यावी. संमतीवाचून भरलेल्या जागेपेक्षा अशी रिकामी जागा शास्त्रास अधिक शोभते.