टायर वाढला, गाडी तीच

नारायणगाव, पिंपळगाव बसवंत किंवा लासलगाव. बाजाराच्या गावातल्या टायरच्या दुकानाबाहेर थोडा वेळ थांबले, तर एक मागणी हमखास कानावर पडते : कंपनीचे टायर काढा, एक नंबर मोठे टाका, भाडे जड आहे. दुकानदाराला त्यात काही वावगे वाटत नाही आणि चालकालाही नाही. मोठा टायर बसला की गाडी ‘तगडी’ झाली, असा दोघांचाही समज असतो. टायरपाठोपाठ गॅरेजमध्ये कमानपाट्यांत एक-दोन जादा पाटे पडतात आणि हौद्यावर उंच लोखंडी जाळी चढते. हे तिन्ही झाले की सव्वा टन पासिंगची पिकअप अडीच-तीन टन माल घेऊन घाट उतरायला मोकळी होते. यात जिवाला धोका आहे, आणि तो इतका रोजचा झाला आहे की त्याला धोका म्हणणेही आपण सोडून दिले आहे.

मोठ्या टायरने गाडीची वहनक्षमता एक किलोनेही वाढत नाही. वाढते ती फार तर त्या टायरची. टायरच्या कडेवर मापापुढे एक अंक छापलेला असतो, तो भाराचा निर्देशांक. १०४ म्हणजे एका टायरवर जास्तीत जास्त ९०० किलो, १०९ म्हणजे १,०३० किलो, ११२ म्हणजे १,१२० किलो, तेही ठरवून दिलेली पूर्ण हवा असेल तरच. मागच्या दोन्ही टायरवर १०९ हा अंक असेल तर दोघांचे मिळून २,०६० किलो झाले, आणि त्यात मालाबरोबर गाडीच्या मागच्या भागाचे स्वतःचे वजनही आले. माप मोठे आणि निर्देशांक तोच किंवा त्याहून कमी, असेही टायर बाजारात मिळतात. रुंदी पाहून टायर घेणारा हा अंक क्वचितच वाचतो. रिमोल्ड टायरवर तर मूळ सांगाड्याचे वय किती, तो किती वेळा तापला आणि फुगला, हे बाहेरून कळायला मार्गच नसतो.

पण समजा, टायर खरोखरच दणकट आहे. खरी काळजी तिथून सुरू होते. गाडीचा एकूण भार ठरवताना कंपनी अ‍ॅक्सल, हाउसिंग, बेअरिंग, हब, रिम, चेसिस, स्टीअरिंग आणि ब्रेक या सगळ्यांचा मिळून हिशेब करते. जास्त भाराचे मॉडेल काढताना टायरबरोबर पाटे, अ‍ॅक्सल आणि ब्रेकही त्या भाराला पुरतील असे निवडावे लागतात. आपण मात्र साखळीतली एकच कडी बदलतो. जुन्या टायरवर जादा माल पडला की तो बसतो, कडा फुगतात, हात लावला तर चटका बसतो. चालकाला ते दिसते आणि तो धास्तावतो. मोठा टायर बसवला की ही धास्ती जाते. भार मात्र तिथेच राहतो, फक्त आता तो बेअरिंगवर आणि ब्रेकच्या लायनरवर पडतो. ते दुखणे चालकाच्या डोळ्यांना दिसत नाही, आणि जेव्हा कळते तेव्हा गाडी बहुधा उतारावर असते.

थोडा हिशेब मांडू. २१५/७५ आर १५ मापाच्या टायरचा व्यास सुमारे ७०३ मिलिमीटर भरतो. त्याच रिमवर २३५/७५ आर १५ चढवला तर तो सुमारे ७३३ होतो. वाढ चार टक्क्यांच्या थोडी वर. वेगाचा काटा ६० दाखवत असेल तर मूळ टायरच्या तुलनेत गाडी ६२.५ च्या वेगाने धावत असते. ब्रेकने चाकाला दिलेला जोर रस्त्यावर पोचेपर्यंत तेवढ्याच प्रमाणात घटतो, कारण चाकाची त्रिज्या वाढलेली असते. उतारावर गिअरमध्ये इंजिन गाडीला जे रोखून धरते, तेही तेवढेच सैल पडते. चार टक्के किरकोळ वाटतील. आता त्यात माल मिळवा. रिकामी गाडी पावणेदोन टनांची, पासिंग सव्वा टन, म्हणजे भरलेली गाडी तीन टन. टोमॅटोच्या वीस किलोच्या क्रेटने मोजले तर साठ-बासष्ट क्रेट. त्या जागी एकशे सदतीस क्रेट चढवले की गाडी साडेचार टनांची होते. काट्यावरचा वेग तोच, पण थांबवायला लागणारी ऊर्जा मूळच्या १.६ पटीहून अधिक, आणि ती सगळी जिरवायची त्याच डिस्कने आणि त्याच ड्रमने. हमालाच्या पायात दणकट जोडा घातला म्हणून त्याच्या गुडघ्यांना बळ येत नाही.

पाट्यांची गोष्ट तर टायरहून गंभीर आहे आणि तिच्याविषयी फार कमी बोलले जाते. अनेक पिकअपमध्ये मागच्या अ‍ॅक्सलजवळ भार ओळखणारा एक व्हॉल्व्ह असतो. माल पडला की पाटे दबतात, चेसिस खाली येते, आणि त्या दबण्यावरून हा व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. गाडी रिकामी असेल तर दाब कमी ठेवतो, म्हणजे मागची चाके एकदम जाम होऊन गाडी फिरत नाही. आता जादा पाटे टाकले की तीन टन मालावरही मागची बाजू दबत नाही. व्हॉल्व्हला वाटते, गाडी हलकीच आहे. मागच्या ब्रेकला सर्वांत जास्त दाब हवा असतो नेमक्या त्या वेळी तो कमी मिळतो. सगळा ताण पुढच्या ब्रेकवर येतो. त्यात माल फाळक्यापलीकडे लोंबत असेल तर पुढची बाजू उचलल्यासारखी होते, पुढच्या टायरची रस्त्यावरची पकड कमी होते आणि स्टीअरिंग हलके लागते. कित्येक चालक त्या हलकेपणाला सोय समजतात.

माळशेजच्या घाटातून कल्याणकडे किंवा कसाऱ्याच्या घाटातून मुंबईकडे उतरताना या सगळ्याची एकदम परीक्षा होते. वळणामागून वळण, पावसाळ्यात धुके, पुढे कंटेनरची रांग. ब्रेकवर पाय सतत टेकलेला. ड्रम तापून प्रसरण पावतो, लायनर जळका वास सोडतात, ब्रेक ऑइल उकळले की त्यात वाफ धरते आणि पेडल नुसते खाली जाते. त्यातच पाटे, टायर आणि जाळीमुळे मालाचा गुरुत्वमध्य वर गेलेला, त्यामुळे वळणावर गाडी बाहेरच्या अंगाला कलते. मोठा टायर खड्ड्यात आपटला की मडगार्डच्या आतल्या पत्र्याला घासतो, तो धोका वेगळाच. सकाळी बातमी येते : चालकाचा ताबा सुटला. अपघाताची नोंद त्या तीन शब्दांवर थांबते. गाडीवर किती वजन होते, टायरचे माप नोंदणीशी जुळत होते का, पाटे किती होते, हे पंचनाम्यात यायला हवे. ते आल्याशिवाय या अपघातांचे खरे कारण आपल्यापुढे कधीच येणार नाही.

चालकाला दोषी ठरवून हात झटकणे सोपे आहे आणि ते अन्यायाचे आहे. भाडे क्रेटवर ठरते. गाडीचा हप्ता दर महिन्याला ठरलेल्या तारखेला जातो, डिझेल आणि टोलचे पैसे लगेच मोजावे लागतात, परतीचा माल मिळेलच याची खात्री नसते. साठ क्रेट नेणाऱ्याला खेप परवडत नाही, कारण शेजारचा एकशे तीस नेतो आणि व्यापारी त्याच हिशेबाने भाडे लावतो. जो नियम पाळतो तो बाजारातून बाहेर पडतो. ओव्हरलोडची खेप गाडीमालकाला स्वस्त पडते हेही खरे नाही. टायर, लायनर, बेअरिंग आणि क्लचप्लेट लवकर जातात, आणि तो खर्च गाडीमालकाच्या खिशातून जातो. बचत होते ती माल पाठवणाऱ्याची. शेतकऱ्यालाही त्यातले फारसे मिळत नाही, घाटात पिकअप उलटली तर मात्र त्याचा माल जातो.

आणि हौद्यात नेहमी टोमॅटोच असतो असे नाही. याच गाड्या ऊसतोडीला, लग्नाला, जत्रेला माणसे भरून नेतात. ऑगस्ट २०२५ मध्ये खेड तालुक्यात पाईटजवळ श्रावणी सोमवारी कुंडेश्वराच्या दर्शनाला निघालेल्या महिलांची पिकअप दरीत कोसळली. मे २०२४ मध्ये छत्तीसगडच्या कवर्धा भागात तेंदूपत्ता गोळा करून परतणाऱ्या बैगा आदिवासींची पिकअप उलटून एकोणीस जण गेले. प्रत्येक अपघाताचे कारण वेगळे असते आणि ते तपासानेच ठरावे. पण मालासाठी उंचावलेली, ताणलेली गाडी दुसऱ्या दिवशी माणसे घेऊन त्याच चढ-उतारावर जाते, हे वास्तव डोळ्यांआड करता येणार नाही.

कायदा नाही असे कोणी म्हणू नये. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ लावताना ते ठामपणे सांगितले. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी कलम १८२ अ मध्ये मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंतचा कारावास किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. ओव्हरलोडसाठी कलम १९४ मध्ये २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंड आहे, वजन करून घ्यायला नकार दिल्यास ४०,०००. त्याच कलमात आणखी एक गोष्ट आहे, जिच्याकडे सर्रास डोळेझाक होते. जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे जाऊ द्यायची नाही, असे ते सांगते. दंडाची पावती फाडून तीच गाडी तसाच माल घेऊन घाटाकडे सोडणे म्हणजे कायद्याचा अर्धा भाग वसूल करून जीव वाचवणारा अर्धा भाग टाकून देणे आहे. शिवाय हे कलम केवळ चालवणाऱ्याला लागू नाही, चालवायला लावणाऱ्यालाही लागू आहे. माल भरणारा व्यापारी किती प्रकरणांत आरोपी होतो, हे परिवहन खात्याने जिल्हावार जाहीर करावे.

फिटनेस तपासणीवर विसंबून चालणार नाही. मालवाहू गाडीची तपासणी पहिली आठ वर्षे दोन वर्षांतून एकदा आणि नंतर दरवर्षी होते. त्या दिवसापुरते मूळ मापाचे टायर बसवायचे, जाळी उतरवायची आणि दुसऱ्या दिवशी सगळे पुन्हा जागच्या जागी. म्हणून तपासणी जिथे माल चढतो तिथेच व्हायला हवी. अनेक बाजार समित्यांच्या आवारात भुईकाटे आहेत. शेतमाल मोजायला ते वापरतात, मग बाहेर पडणारी भरलेली गाडी का मोजू नये? गेटपासवर गाडीचा नोंदणीकृत एकूण भार आणि काट्यावरचा प्रत्यक्ष भार शेजारी शेजारी छापावेत, आणि दुसरा आकडा पहिल्याहून मोठा असेल तर गेट उघडू नये. यासाठी नवा कायदा लागत नाही. पणन खाते आणि परिवहन खाते यांनी एकत्र बसून एक आदेश काढला तरी पुरे. टायरविक्रेत्याने बिलावर गाडीचा क्रमांक, टायरचे माप आणि भार निर्देशांक लिहावा, आणि गाडीच्या पुस्तिकेत नसलेले माप बसवणार नाही असे सांगण्याचे धैर्य दाखवावे. विमा कंपन्यांनी नूतनीकरणाच्या वेळी टायरचा फोटो मागावा. अपघातानंतर दावा नाकारण्यापेक्षा ते कितीतरी माणुसकीचे ठरेल.

सर्वांत आधी मात्र भाड्याचा दर बदलायला हवा. पासिंगइतक्या मालावर चालकाचा हप्ता, डिझेल आणि घरखर्च निघेल असा दर बाजार समित्या, व्यापारी आणि वाहतूकदार संघटनांनी मिळून ठरवला नाही, तर कितीही पावत्या फाडल्या तरी टायरच्या दुकानातली ती मागणी थांबणार नाही. टोमॅटोचा पुढचा हंगाम सुरू होण्याआधी ही बैठक व्हावी, आणि तिच्यात व्यापाऱ्यांच्या बरोबरीने पिकअपचालकांनाही बसायला जागा असावी.