भरपाईचा निकाल कपाटात ठेवू नका
पालघर आणि बोईसर-तारापूर परिसरातील वाहनमालकांना व अपघातग्रस्त कुटुंबांना जाहीर आवाहन

कारखान्यांची पाळी सुटली की बोईसर-चिल्हार रस्त्यावर टँकर, ट्रेलर, रिक्षा, दुचाक्या आणि पायी निघालेले कामगार एकाच वेळी उतरतात. तिथे विम्याची मुदत संपलेल्या वाहनाने कुणाला धडक दिली, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने ठरवलेली भरपाई द्यायला विमा कंपनी नसते. सगळी रक्कम मालकाच्या अंगावर येते. मग मालक तोंड चुकवतो, आणि जखमीचे घर निकालाची प्रत जपून ठेवून वाट पाहत बसते. यात दोघांचेही नुकसान आहे.

मालकांनी समन्स टाळू नये. गैरहजर राहिल्याने दावा थांबत नाही, एकतर्फी निकाल लागतो. निकालानंतर 30 दिवसांत रक्कम जमा करायची असते. निकाल मान्य नसेल तर 90 दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते; त्यासाठी 25 हजार रुपये किंवा भरपाईची निम्मी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती आधी भरावी लागते. एकदम पैसे उभे राहत नसतील, तर समोरच्या कुटुंबाशी वकिलामार्फत बोलून हप्ते ठरवावेत आणि ती तडजोड लोकअदालतीत नोंदवावी. गप्प राहिले तर व्याज चढत जाते.

अपघातग्रस्तांनीही निकाल लागला म्हणजे काम झाले, असे समजू नये. पैसे आले नाहीत तर वसुलीची दरखास्त दाखल करावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम 174 प्रमाणे अर्ज केल्यास न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे वसुली प्रमाणपत्र देऊ शकते, आणि ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते. मालकाची जमीन, बँक खाते, इतर वाहने यांची माहिती मिळेल तेवढी गोळा करून वकिलाकडे द्यावी.

जुनी गाडी विकलेल्यांनी विशेष सावध राहावे. हरियाणात 2009 साली विमा नसलेल्या एका मोटारीखाली एक मुलगा मृत्युमुखी पडला. ती मोटार तोवर अनेक हातांतून फिरली होती, पण नोंदणी पहिल्याच मालकाच्या नावावर होती. सर्वोच्च न्यायालयाने 6 फेब्रुवारी 2018 रोजी भरपाईची जबाबदारी त्याच नोंदणीकृत मालकावर टाकली. म्हणून केवळ स्टॅम्प पेपरवर लिहून किल्ली देऊ नये. फॉर्म 29 आणि 30 भरून आरटीओत नाव बदलल्याची खात्री करावी.

विम्याविना गाडी चालवल्यास पहिल्या वेळी दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. भरपाई मात्र लाखांत जाते. प्रत्येक मालकाने थर्ड पार्टी विम्याची मुदत आजच तपासावी. तारापूर एमआयडीसीत कंत्राटाने गाड्या लावणाऱ्यांनी पॉलिसी पाहिल्याशिवाय गाडी आत घेऊ नये.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून कुणी मागे राहू नये. महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे नागरिक, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने मोफत वकील मिळतो. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरील आदिवासी कुटुंबे आणि तारापूरचे कामगार, दोघेही यात येतात. निकालाची प्रत, एफआयआर, गाडीचा नंबर आणि ओळखपत्र घेऊन जवळच्या न्यायालयातील विधी सेवा कार्यालयात जावे, किंवा 15100 या क्रमांकावर फोन करावा. ग्रामपंचायती, कामगार संघटना आणि रिक्षा संघटनांनी हा क्रमांक आपल्या फलकांवर लावावा.