कोळशाला पर्याय चंद्रपुरातच उभा करा



देशाच्या स्थापित वीजक्षमतेपैकी निम्मी क्षमता आता कोळसा, वायू या इंधनांवाचूनची झाली आहे. २०३० साठी ठरवलेले हे उद्दिष्ट २०२५ मध्येच गाठले गेले, याचा आनंद मलाही आहे. पण ‘आता औष्णिक केंद्रे बंद करा’ असे म्हणणाऱ्यांनी पुढचा आकडाही पाहावा. प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा अजून दोन-तृतीयांशाहून जास्त आहे. सौर पॅनेल दुपारी भरभरून वीज देते आणि दिवेलागणीला थांबते. नेमके तेव्हाच घराघरांतले दिवे, पंखे, एसी एकदम सुरू होतात. ती वेळ निभावून नेतात कोयनेची जनित्रे आणि आमच्या चंद्रपूरकडचे औष्णिक संच. कोयना १,९६० मेगावॅटची असली, तरी पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला कृष्णा पाणी तंटा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. म्हणजे उरलेला भार कोळशावरच.

म्हणून आणखी काही वर्षे कोळसा लागेल, हे मी मान्य करतो. मात्र एवढ्याच आधारावर नवे औष्णिक संच मागणाऱ्यांचे म्हणणे मला पटत नाही. कोराडीला ६६० मेगावॅटचे आणखी दोन संच उभारायचे घाटते आहे. असा संच पंचवीस-तीस वर्षे, तोही रात्रंदिवस चालवायचा म्हणून बांधतात. आपली अडचण तर संध्याकाळच्या चार-पाच तासांची आहे. एरवी तो कमी भारावर चालला तरी त्याचा स्थिर आकार ग्राहकाच्या बिलात पूर्ण लागणार. शिवाय औष्णिक संच ५५ टक्क्यांच्या खाली उतरवणे कठीण असते. भार सारखा वर-खाली केला की बॉयलरवर ताण येतो, ट्यूब लिकेज वाढते. त्यामुळे दुपारी कोळशाची वीज चालू ठेवून सौर वीज थांबवण्याची पाळी येते. मागणी वाढते आहे हे खरे, पण वाढीव पैसा साठवणुकीत घातला पाहिजे. अकोले तालुक्यातला घाटघरचा २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प २००८ पासून पाणी वर चढवून मागणीच्या वेळी वीज देतो आहे. तसे प्रकल्प आणि बॅटऱ्या आता झपाट्याने उभ्या राहायला हव्यात. सौर कृषी वाहिनी योजनेने शेतकऱ्याचे रात्रीचे ओलीत दिवसा आणायला सुरुवात केली, हे याच दिशेचे सर्वांत शहाणपणाचे पाऊल आहे.

आता माझ्या जिल्ह्याविषयी. चंद्रपूर ते पडघे ही ७५२ किलोमीटरची उच्चदाब वाहिनी आमची वीज थेट मुंबईच्या उंबरठ्यावर नेते. राख मात्र इथेच राहते. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी केली, तेव्हा चंद्रपूर त्यात अगदी वरच्या क्रमांकांत होते. सल्फर डायऑक्साइडचे निकष डिसेंबर २०१५ मध्ये आले, त्यांना मुदतवाढीवर मुदतवाढ मिळाली आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुतेक औष्णिक केंद्रांना धूर धुणारी यंत्रणा बसवण्यातून सूटच देऊन टाकली. २०२२ च्या पावसाळ्यात शेजारच्या नागपूर जिल्ह्यातल्या कोराडीचा राखेचा बंधारा फुटून आसपासच्या शेतांत, नाल्यांत राख पसरली. इतके सोसलेल्या लोकांना नव्या ऊर्जेतला वाटा सर्वांत आधी मिळाला पाहिजे.

आणि तो देणे तांत्रिकदृष्ट्याही सोयीचे आहे. चंद्रपूरच्या केंद्रातले २१० मेगावॅटचे पहिले दोन संच बंद झाले; त्यांच्यासाठी उभारलेली वीजवहनाची सोय इथेच आहे. राखेने भरलेली जमीन आहे, वेस्टर्न कोलफील्ड्सच्या (वेकोलि) संपलेल्या खाणी आहेत, खाणीतून काढलेल्या माती-दगडाचे (ओबी) ढिगारे आहेत. पिकाची जमीन न घेता तिथे सौर प्रकल्प आणि त्याला जोडून बॅटरी साठवण उभारता येईल. जुन्या ढिगाऱ्यांची जमीन बसण्याचा, खचण्याचा धोका आधी तपासावा लागेल, पण निदान तशी पाहणी तरी सुरू करा.

पैसा कुठून, असे विचारले जाईल. २०१० पासून टनामागे ५० रुपये आणि २०१६ पासून ४०० रुपये उपकर स्वच्छ ऊर्जेच्या नावाने कोळशावर घेतला गेला. २०१७ मध्ये तो राज्यांच्या जीएसटी भरपाईकडे वळवला आणि २०२५ मध्ये रद्द करून कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के केला. या वाढीव करातला ठरावीक हिस्सा कोळसा जिल्ह्यांसाठी कायद्याने बांधून द्यावा. जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी आहेच; सभामंडप आणि रस्त्यांवर तो खर्चण्यापेक्षा कामगारांच्या प्रशिक्षणाला द्यावा.

कारण खरी काळजी त्यांचीच आहे. कायम कर्मचाऱ्याची बदली दुसऱ्या केंद्रात होते. कोळसा हाताळणीतला, राखेच्या गाडीवरचा कंत्राटी माणूस संच बंद झाला की घरी बसतो. सौर प्रकल्प उभा राहिल्यावर तो चालवायला फार थोडी माणसे लागतात, त्यामुळे केवळ ‘हरित रोजगार’ म्हणून भागणार नाही. राज्याच्या महानिर्मिती कंपनीने प्रत्येक संच कोणत्या वर्षी बंद होणार याचे वेळापत्रक आधी जाहीर करावे, त्यासोबत त्या संचावरच्या कंत्राटी कामगारांची यादी लावावी आणि बंद होण्याच्या किमान दोन वर्षे आधी त्यांचे प्रशिक्षण सुरू करावे. ही अट राज्य वीज नियामक आयोगाच्या पुढच्या दरनिश्चितीत घातली जावी, अशी आमच्या लोकप्रतिनिधींनी मागणी करावी.

— एक वाचक, दुर्गापूर, चंद्रपूर