प्रोबेशनची अट मोडली तर ५० रुपये दंड की थेट तुरुंग?

समजा, मारामारीच्या खटल्यात दोषी ठरलेल्या चौलमधील एका तरुणाला अलिबागच्या न्यायालयाने तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडले. न कळवता पत्ता बदलायचा नाही, ही एक अट. गावात काम मिळेना, म्हणून तो पनवेलला नोकरीला गेला आणि परिवीक्षा अधिकाऱ्याला सांगायचे राहिले. आता त्याला पुन्हा अटक होईल का?

प्रोबेशन म्हणजे काय?
अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ च्या कलम ४ नुसार, फाशी किंवा जन्मठेपेची तरतूद नसलेल्या गुन्ह्यात न्यायालय दोषीला जास्तीत जास्त ३ वर्षांच्या बंधपत्रावर सोडू शकते. यात शिक्षा माफ होत नाही, ती फक्त पुढे ढकलली जाते.

अटक आणि जामीन कसा?
अट मोडल्याचे अहवालावरून किंवा अन्य माहितीतून न्यायालयाला वाटले, तर कलम ९ नुसार अटक वॉरंट निघू शकते किंवा नुसते समन्सही. हजर झाल्यावर सुनावणी संपेपर्यंत कोठडी किंवा जामीन, दोन्ही शक्य आहे. जामीनदाराशिवायही जामीन देता येतो. नवा गुन्हा केला असेल, तर त्यातील अटक आणि जामीन हा वेगळा विषय.

अट मोडल्याचे सिद्ध झाले तर?
मूळ गुन्ह्याची शिक्षा होऊ शकते. पहिलीच वेळ असेल, तर कमाल ५० रुपये दंड करून बंधपत्र पुढे चालू ठेवता येते. दंड मुदतीत भरला नाही, तर पुन्हा मूळ शिक्षेची टांगती तलवार.

दुखणे इथेच आहे
१९५८ मध्ये ५० रुपयांची झळ बसत असे. आज तेवढ्यात दोन-तीन वडापाव येतात. म्हणजे एकीकडे नावापुरता दंड, दुसरीकडे तुरुंग. मधली पायरीच नाही. फरार होणाऱ्याला किंवा पुन्हा गुन्हा करणाऱ्याला तुरुंग दाखवणे समजू शकते. पण पोटासाठी गाव सोडणाऱ्यालाही तोच धाक का?

दंडाची रक्कम वाढवावी आणि जादा हजेरी, समाजसेवा असे पर्याय कलम ९ मध्ये आणावेत. समाजसेवेची शिक्षा भारतीय न्याय संहितेत १ जुलै २०२४ पासून आलेलीच आहे.

तोवर काय करावे?
पत्ता किंवा नोकरी बदलण्याआधी परिवीक्षा अधिकाऱ्याला लेखी कळवा आणि पोच घ्या. त्या अधिकाऱ्याच्या अर्जावरून न्यायालय कलम ८ नुसार अटी बदलू शकते. वॉरंट निघाल्यावर धावपळ करण्यापेक्षा हे केव्हाही सोपे.