एकच माप

माणसाच्या श्रमाचे मोल ठरवताना दोन गोष्टी लागतात : एक माप, आणि दुसरा ते माप हाती धरणारा माणूस. माप लाकडाचे असो वा लोखंडाचे, ते स्वतः कधी पक्षपात करीत नाही. पक्षपात होतो तो ते धरणाऱ्या हाताकडून. म्हणून जेथे अनेक माणसे मिळून काम करतात, तेथील नीती पारखायची असेल तर भिंतीवरचे सुविचार वाचून भागत नाही. माप कोणाच्या हाती आहे आणि ते सर्वांना सारखेच लागते की नाही, हे पाहावे लागते.

भंडारा जिल्हा हा तलावांचा, भाताचा आणि पितळी भांड्यांचा म्हणून प्रसिद्ध आहे. या भागातील रानांत तेंदूची झाडेही विपुल आहेत, आणि त्यांच्या पानांवर येथे विडीचा धंदा उभा राहिला. भाताची रोवणी आणि कापणी आटोपली की गरिबांच्या हातांना काम उरत नसे. अशा घरांना, विशेषतः घरातील स्त्रियांना, विडीने आधार दिला. पान भिजवावे, फर्म्याच्या मापाने कापावे, चिमूटभर तंबाखू घालून वळावे, तोंड मुडपावे आणि दोरा बांधावा. मजुरी ठरते ती हजारी. विडी ओढणे आरोग्यास अपायकारक आहे, यात शंका नाही. परंतु म्हणून ती वळणाऱ्या हातांवरील अन्याय न्याय्य ठरत नाही.

हा अन्याय एका लहानशा शब्दात सामावलेला होता. तो शब्द ‘छाट’. वळलेल्या विड्या ठेकेदाराकडे गेल्या की तेथे त्यांची तपासणी होई. जी विडी नापसंत, ती छाट. छाट विडीची मजुरी नाही. आणि पुष्कळदा ती विडी वळणाऱ्याला परतही मिळत नसे. शंभरातील दहा विड्या अशा टाकल्या, तर दहा दिवसांच्या श्रमांतील एक दिवस फुकट गेला!

तपासणीच नको, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. सैल वळलेली विडी बाजारात चालत नाही आणि मालकाचे नुकसान होते, हा कारखानदारांचा मुद्दा खरा आहे. पण विडी सैल आहे, हे ठरविताना विडीकडेच पाहिले जात होते काय? नात्यागोत्यातल्या माणसाची छाट थोडी, आणि जी उलट बोलते तिची अधिक. जिला दुसरे काम मिळण्याचा संभव नाही, तिची त्याहूनही अधिक, असे घडू लागले की ती विड्यांची पारख राहत नाही. ती माणसाच्या असहायतेची पारख होते.

हे दुःख ओळखून कामठीच्या बाबू हरदास यांनी (१९०४–१९३९) मध्य प्रांतातील विडी-मजुरांची संघटना बांधली. ठेकेदाराची कचाटी सुटावी म्हणून हे काम सहकारी तत्त्वावर चालवण्याचाही प्रयत्न त्यांनी केला. पुढे १९६६ साली विडी व सिगार कामगारांसाठी संसदेने स्वतंत्र कायदा केला. त्याखालील महाराष्ट्राच्या नियमांत असे ठरले की, सामान्यतः शेकडा पाचांहून अधिक विड्या छाट म्हणून टाकू नयेत. आणि मजुराने जाणूनबुजून हयगय केली नसेल, तर टाकलेल्या विड्यांचीही निम्मी मजुरी द्यावी. कारखानदार न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये तो कायदा वैध ठरवला. ज्या हाती माप होते, त्या हातालाही अशा रीतीने एक माप लागले.

अन्याय केवळ तपासणीतच होतो असे नाही. कामाच्या दाराशीही तो उभा असतो. मुंबईच्या कापडगिरण्यांत विणकामाच्या खात्यात मजुरी अधिक मिळे. पण धोट्यातील धागा तेथे तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि तेवढ्याच कारणाने अस्पृश्य मानलेल्या कामगारांना त्या खात्यात येऊ देत नसत. त्यांना विणता येते की नाही, हे कोणी पाहिलेच नाही. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाड येथील रेल्वे कामगारांच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या भेदाचा स्पष्ट शब्दांत निषेध केला. येथे अडवणारे केवळ मालक नव्हते, सोबतचे कामगारही होते, हे विसरता येत नाही. पिळला जाणारा माणूससुद्धा दुसऱ्याला पिळू शकतो.

स्त्रियांच्या वाट्यालाही हेच आले. दिवसभर चिखलात वाकून रोवणी करणारी स्त्री पुरुषाहून कमी मजुरी घेऊन घरी जाते, आणि ‘बायकांचे काम हलके’ असे त्याचे समर्थन केले जाते. संविधानाने राज्याला समान कामासाठी समान वेतनाचे धोरण घालून दिले. १९७६ मध्ये त्यासाठी कायदाही झाला. पण कायदा प्रत्येक बांधावर उभा राहू शकत नाही. तेथे मजुरी मोजणाऱ्याचे मनच पहारा करील तर करील.

परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवर विद्यार्थ्याचे नाव नसते, बैठक क्रमांक असतो. नाव झाकले की जात, गाव, ओळख, सारेच झाकले जाते आणि उरते ते केवळ उत्तर. ही युक्ती साधी आहे, पण तिच्यात मोठा न्याय आहे. विड्यांच्या सुपावर, शेताच्या बांधावर किंवा कचेरीच्या टेबलाशी असे नाव झाकता येत नाही. समोर माणूस उभाच असतो. तेथे मोजणाऱ्याने ते नाव आपल्या मनातून बाजूला सारावे लागते. आज जो विद्यार्थी आहे, तो उद्या कोणाच्या तरी कामाचे मोल ठरविणार आहे. त्या दिवशी त्याने काम पाहावे, कर्ता पाहू नये. आपल्यासाठी जे माप तो मागेल, तेच त्याने दुसऱ्याला लावावे.