'काम करणार नाही' असं लिहून द्या आणि या

आयटीतल्या तिशीच्या आतल्या कुणाशीही दहा मिनिटं बोला, 'फायर'चा विषय निघतोच. वार्षिक खर्चाच्या पंचवीसपट पैसा जमवायचा, पंचेचाळिशीत नोकरीला रामराम ठोकायचा आणि उरलेलं आयुष्य एखाद्या उबदार, त्यातल्या त्यात स्वस्त, समुद्राकाठच्या देशात काढायचं. पूर्वी या स्वप्नात दापोलीची वाडी असायची. हल्ली पोर्तुगाल असतो. व्हिसाचा क्रमांकसुद्धा पाठ असतो: डी-7.

हिशेब सोपा आहे. पेन्शन, घरभाडं, लाभांश असं बसल्या जागी येणारं उत्पन्न दाखवायचं. किमान किती? पोर्तुगालच्या किमान वेतनाइतकं. 2025 मध्ये ते महिन्याला 870 युरो होतं. वर्षाचे झाले 10,440. त्याच्या पंचवीसपट 2,61,000 युरो, म्हणजे अडीच कोटींच्या आसपास. जोडीदार सोबत असेल तर आणखी निम्मे, प्रत्येक मुलामागे 30 टक्के. पुण्यातला फ्लॅट विकला की बरंचसं जमतंय की!

पण तो 870चा आकडा जरा थांबून वाचा. तुम्हाला कॉफी आणून देणारा वेटर, तुमची खोली झाडणारी बाई, यांच्या महिनाभराच्या राबण्याची ती कायदेशीर किंमत आहे. तेवढे पैसे तुम्हाला न राबता मिळत असतील, तर सरकार म्हणतं, या, बसा. आणि तेवढे पैसे राबून मिळवणाऱ्याला लिस्बनमध्ये एकट्याच्या जिवावर घर भाड्याने घेणं जवळपास अशक्य आहे. 1 एप्रिल 2023 रोजी पोर्तुगालच्या शहरांमध्ये लोक घरांसाठीच रस्त्यावर उतरले होते. त्यांच्या मोर्च्याचं नावच 'राहायला घर' असं होतं.

स्पेन तर लपवाछपवीही करत नाही. तिथल्या या व्हिसाचं नावच 'ना-नफा' छापाचं आहे. दरमहा सुमारे 2,400 युरो दाखवा आणि इथे काम करणार नाही हे मान्य करा. थायलंडचंही तेच. वय 50च्या वर हवं, बँकेत 8 लाख बात किंवा महिन्याला 65,000 बात उत्पन्न हवं, नोकरी करायची नाही आणि दर 90 दिवसांनी पत्ता कळवायचा. देश बदलले तरी अट एकच: तुझे हात आम्हाला नकोत, तुझं खातं हवंय. उलट जो म्हणतो की मी काम करेन, त्याच्याकडे पहिल्यापासून संशयाने बघायचं.

याचं सगळ्यात बोचरं उदाहरण आपल्या शेजारचं आहे. गोवा, दमण, दीवमध्ये 19 डिसेंबर 1961 पूर्वी जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्वावर हक्क सांगता येतो. हजारो गोंयकारांनी तो सांगितला. पण लिस्बनमध्ये न थांबता ते इंग्लंडला गेले, विशेषतः स्विंडनला, गोदामांत पाळ्या करायला. त्याच काळात इंग्लंडमधले पेन्शनर आल्गार्व्हच्या किनाऱ्यावर येऊन राहत होते. दोघांनी वापरला तो युरोपियन युनियनमधल्या मुक्त संचाराचा एकच हक्क. एक उन्हातून थंडीत गेला कामाला, दुसरा थंडीतून उन्हात आला आरामाला. पहिल्याला म्हणतात स्थलांतरित, दुसऱ्याला 'एक्सपॅट'. 2016 मध्ये स्विंडनने ब्रेक्झिटच्या बाजूने कौल दिला. (आता निवासाचा परवाना नसलेल्या ब्रिटिश म्हाताऱ्याला स्पेनमधल्या स्वतःच्या बंगल्यातही 180 पैकी 90 दिवसच राहता येतं. काव्यगत न्याय वगैरे म्हणणार नाही, पण हसू येतं.)

गुडघे धरलेल्या म्हाताऱ्यांवर माझा राग नाही. हाडं गोठवणारा हिवाळा टाळावासा वाटणं यात पाप कसलं? त्यांचीही फसगत होतेच. ब्रिटनचं सरकारी पेन्शन थायलंडमध्ये राहायला गेलं की गोठतं. गेलात तेव्हाचा आकडा मरेपर्यंत तोच, महागाई वाढो की न वाढो. पोर्तुगालमध्ये मात्र ते वाढत राहतं. हे कुठल्याच नारळाच्या झाडाखालच्या व्हिडिओत ठळकपणे सांगत नाहीत.

माझा राग 'पर्याय' या शब्दावर आहे. देश म्हणजे जणू मेन्यूकार्ड. आणि हे मेन्यूकार्ड सरकारांनीच छापलंय. पोर्तुगालने 2009 मध्ये करसवलतीची योजना आणली, तिच्यात परदेशी पेन्शनवर दहा वर्षं शून्य कर होता. फिनलंडचे पेन्शनर आले. त्यांना ना इथे कर, ना तिथे. वैतागून फिनलंडने करारच मोडला, नंतर स्वीडननेही. 2020 मध्ये पोर्तुगालने 10 टक्के कर लावला आणि 2024 पासून नव्यांसाठी योजना बंद केली. तोवर घरांच्या किमती जिथे जायच्या तिथे गेल्या होत्या.

पैसा येतो, ओस पडलेली गावं जागी होतात, हा युक्तिवाद मला माहीत आहे. काही गावांपुरता तो खराही आहे. पण मग हाच निकष इकडे लावा. ऑफिसच्या ज्या व्हॉट्सॲप ग्रुपवर डी-7ची लिंक फिरते, त्याच ग्रुपवर 'पुण्यात बाहेरचे फार वाढलेत' हेही फिरतं. बाहेरचे म्हणजे कोण? आपली बिल्डिंग बांधणारा, आपलं जेवण पोचवणारा. तो कामाला आला म्हणून गर्दी, आपण आरामाला जाणार म्हणून गुंतवणूक!

लिस्बनच्या दक्षिणेला आलेंतेझू प्रांतात ओदेमिरा नावाचा तालुका आहे. तिथल्या पॉलीहाऊसमध्ये रास्पबेरी पिकतात आणि त्या तोडणाऱ्यांत नेपाळी, बांगलादेशी आणि आपलेही लोक आहेत. 2021 मध्ये कोविडमुळे तिथली दोन गावं सील झाली, तेव्हा कुठे ही माणसं एकेका खोलीत किती दाटीने राहतात हे बाकीच्या पोर्तुगालला दिसलं. कामाचा व्हिसा नसताना आलेल्यालाही नोकरी धरून, सामाजिक सुरक्षेचे हप्ते भरून पुढे निवासाचा परवाना मागता येत असे. जून 2024 मध्ये सरकारने हा रस्ता नव्या अर्जांसाठी बंद केला. डी-7 चालू आहे.