अबोल मुलांना संगणकाची साथ

मूल तीन वर्षांचे झाले तरी बोलत नाही, अशी काळजी आईने बोलून दाखवली, की 'बोलेल हळूहळू, त्याचा बापही उशिराच बोलू लागला होता', असा दिलासा घरातील वडीलधारी मंडळी देतात. या दिलाशातच अनेकदा मोलाची वर्षे निघून जातात. भाषा आत्मसात करण्याची क्षमता आयुष्याच्या पहिल्या काही वर्षांत सर्वाधिक असते. श्रवणदोष किंवा भाषाविकासातील विलंब या काळात ओळखला गेला नाही, तर पुढील उपचार अधिक अवघड होतात.

दोष ओळखण्याची व्यवस्था सरकारने उभी केली आहे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा आणि शाळकरी मुलांची एकदा तपासणी अपेक्षित आहे. जन्मजात बहिरेपणा व भाषाविकासातील विलंब यांचा तपासणीच्या यादीत समावेश आहे. खरी अडचण तपासणीनंतर सुरू होते. वाचा-उपचार म्हणजे एकदा दिलेले औषध नव्हे. तो महिनोन्‌महिने, नेमाने करावयाचा सराव होय. प्रशिक्षित तज्ज्ञ मात्र प्रामुख्याने शहरांत असतात.

सातारा जिल्ह्यातील खंडाळा तालुक्याचे उदाहरण बोलके आहे. शिरवळच्या औद्योगिक वसाहतीमुळे हा तालुका पुण्याशी जोडला गेला. तरीही येथून साताऱ्याला जायचे तर खंबाटकी घाट आणि पुण्याला जायचे तर नीरा नदी ओलांडावी लागते. पाऊण तासाच्या उपचारासाठी मजुरी बुडवून आठवड्यातून दोनदा हा प्रवास करणे किती पालकांना परवडेल? चार-दोन खेपांनंतर उपचार थांबतात, ते याच कारणाने.

संगणकाची खरी उपयुक्तता येथे आहे. वाचा-उपचारातील त्याचा वापर नवा नाही. आयबीएम कंपनीची 'स्पीचव्ह्यूअर' ही प्रणाली १९८० च्या दशकाच्या अखेरीसच आली होती. मुलाच्या आवाजाची पातळी व चढउतार ती चित्ररूपाने पडद्यावर दाखवीत असे. ज्याला स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नाही, त्याला तो निदान डोळ्यांनी पाहता येऊ लागला. ध्वनीचे असेच विश्लेषण करणारी 'प्राट' ही ॲमस्टरडॅम विद्यापीठात तयार झालेली प्रणाली आज विनामूल्य मिळते. मुंबईच्या आयआयटीत विकसित झालेल्या 'जेलो'सारख्या ॲपमध्ये चित्रावर बोट ठेवले, की मुलाच्या वतीने फोन बोलतो, तोही मराठीत. शिवाय टाळेबंदीच्या काळात, २०२० मध्ये, दृक्‌श्राव्य संवादाद्वारे घरबसल्या उपचार देण्याचा अनुभव अनेक तज्ज्ञांनी घेतला.

तथापि, यंत्र दिले म्हणजे काम झाले, असे समजणे घातक ठरेल. मुलाचा उच्चार चुकला की बरोबर आला, हे ठरविणाऱ्या प्रणाली बहुतांशी प्रौढांच्या आवाजावर घडविलेल्या असतात. लहान मुलाचा स्वर उंच असतो, उच्चार अस्थिर असतो. त्यात मराठीची स्वतःची वैशिष्ट्ये आहेत. 'चाक' आणि 'चार' यांतील 'च' एक नाही. 'ळ' आणि 'ल' यांचा भेद तर मराठीचा प्राणच. माणदेशी वा कोल्हापुरी वळणाचा शब्द यंत्राने 'चूक' ठरविला, तर उपचाराऐवजी मुलाचा आत्मविश्वासच खचेल. दोष कोणता आणि बोलीची लकब कोणती, हा निर्णय तज्ज्ञानेच करायला हवा.

म्हणूनच संगणकाकडे तज्ज्ञाचा पर्याय म्हणून नव्हे, तर दोन भेटींमधील सरावाचा सोबती म्हणून पाहणे योग्य. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात एक शांत खोली, एक संगणक, भरवशाचे इंटरनेट, ठरावीक दिवशी संवाद साधणारा तज्ज्ञ आणि घरचा सराव तपासणारी प्रशिक्षित अंगणवाडी सेविका, एवढी जोडणीही पुष्कळ काही साधेल. भारतीय भाषांसाठी २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'भाषिणी' प्रकल्पासारख्या उपक्रमांतून, पालकांच्या संमतीने व गोपनीयता राखून, मराठी मुलांच्या आवाजाचा संग्रह उभारणे ही पुढची पायरी ठरेल.

सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव नायगाव याच खंडाळा तालुक्यातले. शाळेचे दार सर्वांसाठी उघडण्याचा वारसा सांगणाऱ्या या भूमीत, केवळ बोलता येत नाही म्हणून एखादे मूल वर्गात शेवटच्या बाकावर गप्प बसून राहणार असेल, तर त्या मुलाची नुसती नोंद घेणारी तपासणी पुरेशी नाही. पुढचा उपचार त्याच्या गावापर्यंत पोहोचवणे ही सरकारची जबाबदारी आहे.